क्लासिकमध्ये ट्रेनरकडे गोल्ड कसं वाचवायचं: २४व्या लेव्हलच्या मेजला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन खेळ, ह्यूमन मेज (माणूस जातीचा जादूगार), लेव्हल २४, टॅलेंट (लेव्हलबरोबर मिळणारे गुण) सगळे फ्रॉस्टमध्ये, म्हणजे थंडीच्या मंत्रांत. डस्कवूड या प्रदेशात क्वेस्ट (खेळातली कामं) चालू आहेत, जवळ जेमतेम दीड गोल्ड (एक गोल्ड म्हणजे १०० सिल्व्हर). मंत्र शिकवणाऱ्या ट्रेनरकडे गेलं की यादीत पाच-सात नवी नावं दिसतात आणि सगळी घेतली तर पैसे पुरत नाहीत. काय घ्यायचं, काय सोडायचं, आणि अशाने ४०ला घोडा कसा घेणार?

आत्तापुरतं उत्तर एका ओळीत मावतं. २४ला फक्त काउंटरस्पेल (शत्रूचा मंत्र तोडणारा) घ्या आणि बाहेर पडा.

२४व्या लेव्हलला मेजला ट्रेनर पाच गोष्टी देतो: फायरबॉलची पाचवी रँक (त्याच मंत्राची वरची पायरी), आर्केन मिसाइल्सची तिसरी, फ्लेमस्ट्राइकची दुसरी, डॅम्पन मॅजिकची दुसरी आणि काउंटरस्पेल. प्रत्येकाची किंमत साधारण ४० सिल्व्हर, म्हणजे पाचांचे दोन गोल्ड. तुमच्याकडे तेवढे नाहीतच. बरं, यातल्या चार गोष्टी फ्रॉस्ट मेज पुढच्या दोन-चार लेव्हलमध्ये वापरत नाही. टॅलेंट फ्रॉस्टबोल्टला बळ देतात, थंडीने शत्रू हळू होतो, तोवर तुम्ही मागे सरता. त्यात तयार व्हायला साडेतीन सेकंद लागणारा फायरबॉल टाकायचं कारण उरत नाही. आर्केन मिसाइल्स तर उभं राहून मार खात पूर्ण कराव्या लागतात. काउंटरस्पेलची गोष्ट वेगळी. त्याला पर्याय नाही, आणि मंत्र टाकणाऱ्या शत्रूंपुढे तो नसेल तर जीव जातो.

आता पुढचं पान बघा. २६ला काय येतं? फ्रॉस्टबोल्टची पाचवी रँक, फ्रॉस्ट नोव्हाची दुसरी आणि कोन ऑफ कोल्ड. सगळं तुमच्या कामाचं, प्रत्येकी साधारण ५० सिल्व्हर. म्हणजे २४ला दोन गोल्ड उडवणारा मेज दोन लेव्हलनंतर, जेव्हा खरंच हवं असतं तेव्हा, हात हलवत ट्रेनरपुढे उभा राहतो. मला सांगायचंय ते एवढंच: ट्रेनरकडे जाताना आजची यादी नव्हे, पुढच्या सहा लेव्हलची यादी डोक्यात हवी.

सहाच का, तर मेजच्या बाबतीत ते गणित छान जमतं. फ्रॉस्टबोल्टच्या रँक ८व्या लेव्हलनंतर दर सहा लेव्हलला येतात: १४, २०, २६, ३२, ३८. हा तुमचा मुख्य मंत्र, दर लढाईत तोच दहादा टाकायचा, त्यामुळे त्याची रँक उधार ठेवायची नाही. मग ट्रेनरची फेरी त्याच लेव्हलना बांधून टाका आणि मधल्या लेव्हलचं जे लागेल ते त्याच फेरीत उचला. अपवाद पाण्याचा आणि खाण्याचा. पाण्याची रँक १०, २०, ३०, ४०ला आणि खाण्याची १२, २२, ३२ला येते. ही उशिरा घेण्यात शहाणपण नाही, कारण मेज बसून जितका वेळ पाणी पितो तितका दुसरा कुठलाही क्लास (पात्राचा प्रकार) पीत नसेल. जुन्या रँकचं पाणी प्यायलात तर तेवढ्याच मानासाठी (मंत्र टाकायला लागणाऱ्या शक्तीसाठी) जास्त वेळ बसावं लागतं. सिल्व्हर वाचतात, तास जातात.

प्रवासाचं म्हणाल तर मेजला २०पासून झटक्यात शहरात पोचवणारा टेलिपोर्ट आहे, पण प्रत्येक वेळी १० सिल्व्हरचा रून (मंत्राला लागणारा दगड) जळतो आणि परत यायचं विमानभाडं वेगळं. (भाड्याने उडवून नेणाऱ्या ग्रिफन या प्राण्याला विमान म्हणायची सवय आता जायची नाही.) ठरलेल्या मुक्कामी परत नेणारा हार्थस्टोन तासाभराने पुन्हा तयार होतो, फेरी त्यावर बसवली तर रूनही वाचतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. क्लासिकमध्ये वरची रँक घ्यायची तर खालच्या सगळ्या रँक आधी घेतलेल्या असाव्या लागतात. फायरबॉलची पाचवी सोडून थेट सहावी घेता येत नाही. म्हणजे रँक न घेणं ही बचत असतेच असं नाही. जो मंत्र कधीच वापरणार नाही तो सोडला तर बचत. जो पुढे वापरणार आहात तो आज सोडला तर ती उधारी. उधारी वाईट नाही, उलट फायद्याची आहे, कारण ट्रेनर व्याज लावत नाही आणि लेव्हल वाढते तशी कमाई किमतीपेक्षा जोरात वाढते. आज ४० सिल्व्हर म्हणजे तुमच्या सगळ्या पुंजीचा चौथा हिस्सा. पन्नाशीच्या लेव्हलना तेवढे एका गुहेतल्या भंगार मालाचे सुटतात.

किमती कशा चढतात त्याचा अंदाज असावा म्हणून सांगतो. मेजला ८व्या लेव्हलला एक मंत्र २ सिल्व्हरला पडतो, २०ला २०च्या आसपास, ३०ला ८०च्या आसपास, आणि ३२पासून प्रत्येक रँक एक गोल्ड किंवा त्याहून वर. दहाच्या आत असाल तर विचार करत बसू नका, सगळं घ्या. तिथे वाचवलेल्या कॉपरने काही होत नाही. विशीपासून खरा प्रश्न सुरू होतो आणि ३० ते ४०मध्ये तो सगळ्यांत टोचतो, कारण त्याच काळात घोड्यासाठी साठवायचं असतं.

मी ढोबळ बेरीज केली. फ्रॉस्ट मेजने २० ते ३८ या पट्ट्यात फायरबॉल, स्कॉर्च, फ्लेमस्ट्राइक, आर्केन मिसाइल्स, फायर वॉर्ड, फ्रॉस्ट वॉर्ड, डॅम्पन आणि अ‍ॅम्प्लिफाय मॅजिक एवढं बाजूला ठेवलं तर दहा-बारा गोल्ड हातात राहतात. मॅना शील्ड आणि पॉलीमॉर्फच्या वरच्या रँक मागे ढकलल्या तर आणखी थोडे. घोडा आणि त्याचं प्रशिक्षण मिळून सुमारे १०० गोल्ड, म्हणजे ट्रेनरकडे काटकसर करून घोड्याचा दहावा हिस्सा निघतो. कमी नाही. पण एवढ्यावर घोडा येईल असंही समजू नका.

सोडलेल्या फायरच्या रँकचं पुढे काय? साठीला पोचल्यावर सुरुवातीचे रेड (मोठ्या गटाच्या मोहिमा) मोल्टन कोअर आणि ब्लॅकविंग लेअर, तिथे आगीला दाद न देणारे शत्रू इतके की मेज तिथेही बहुतेक फ्रॉस्टच राहतात. फायरची वेळ पुढच्या टप्प्यांत येते. तोवर तुमच्या दृष्टीने ती रक्कम चिल्लर झालेली असते. एकदम सगळ्या रँक घ्या, पाच मिनिटांचं काम.

दुसरा बारकावा रँकच्या आत काय बदलतं याचा. काही मंत्रांत वरची रँक म्हणजे फक्त नुकसानाचा आकडा वाढतो, परिणाम तोच राहतो. फ्रॉस्ट नोव्हा बघा. पहिली रँक शत्रूला ८ सेकंद जागेवर खिळवते, दुसरीही ८च सेकंद. तुम्ही ती मारायला नव्हे, पळायला वापरता. मग २६ला पैसे कमी पडत असतील तर आधी फ्रॉस्टबोल्ट, मग कोन ऑफ कोल्ड, आणि नोव्हाची दुसरी रँक पुढच्या फेरीला. ब्लिझर्डचंही तसंच. टॅलेंटमधून त्याला शत्रू हळू करण्याची ताकद दिली की ती पहिल्या रँकलाही लागू होते, आणि पहिल्या रँकला माना कमी लागतो. जे मेज मोठे कळप गोळा करून मारतात ते नुसतं हळू करायला मुद्दाम पहिली रँक बटणांच्या पट्टीवर ठेवतात. शामनचा अर्थ शॉकही यातलाच. समोरच्याचा मंत्र तोडायला पहिली रँक पुरते आणि स्वस्त पडते. पॉलीमॉर्फच्या दुसऱ्या रँकने शत्रू मेंढी होऊन थोडा जास्त वेळ राहतो, बस. एकटे खेळत असाल तर त्या जास्तीच्या वेळाचं करायचं काय?

उलट काही मंत्र असे की ज्यांची रँक उशिरा घेतली तर रोजचा तोटा होतो. आर्केन इंटलेक्ट (२८ला तिसरी रँक), ३०ला येणारं आइस आर्मर, आणि २८चा मॅना अगेट. पहिले दोन एकदा लावले की बराच वेळ प्रत्येक लढाईत काम करतात, आणि अगेट हा खडा माना संपत आला की वापरता येतो. शंका आली तर स्वतःला विचारा: हे बटण मी शेवटचं कधी दाबलं? आठवत नसेल तर वरची रँक नको. हा प्रश्न सरसकट चालतो, फक्त जीव वाचवणाऱ्या गोष्टींना लावू नका. ब्लिंक, इव्होकेशन, काउंटरस्पेल ही बटणं कमी दाबली जातात म्हणूनच महत्त्वाची आहेत.

तुमचे मित्र दुसरे क्लास खेळतात असं तुम्ही लिहिलंय, त्यांच्यासाठीही सांगतो, पण सगळ्यांसाठी सारख्या तपशिलात नाही.

प्रीस्टला मेजपेक्षा जास्त वाचवता येतं, आणि त्याचं कारण वँड, म्हणजे माना न लागता मारा करणारी छडी. एन्चांटिंगचा (वस्तूंवर जादू चढवण्याचा) उद्योग करणारी मंडळी लेसर मॅजिक वँड बनवतात, ती ५व्या लेव्हलला वापरता येते. ग्रेटर मॅजिक वँड १३व्या लेव्हलला. ऑक्शन हाउसमध्ये (खेळाडूंच्या लिलाव बाजारात) किंवा ओळखीच्या एन्चांटरकडून थोडक्यात मिळते. हातात वँड आली की लढाई अशी: शील्ड, माइंड ब्लास्ट, शॅडो वर्ड पेन, आणि उरलेलं वँडने. स्माइटच्या रँक घ्यायच्याच नाहीत. वँडला माना लागत नाही म्हणून पाणीही फारसं विकत घ्यावं लागत नाही. मात्र डंजनमध्ये (गटाने उतरायच्या ठिकाणी) हील करणार असाल तर हील, रिझरेक्शन (मेलेल्याला उठवणं) आणि डिस्पेल (वाईट जादू काढणं) यांत हात आखडता घेऊ नका. चार माणसं तुमच्या भरवशावर आत आलेली असतात. तीच गोष्ट मेजच्या रिमूव्ह लेसर कर्स या शाप काढणाऱ्या मंत्राची. एकट्याला क्वचित लागतो, गटात तुमच्याकडून तो गृहीत धरतात.

हंटरची मजा वेगळी. त्याच्या प्राण्याची बरीच कौशल्यं ट्रेनर विकतच नाही. ज्या रानटी प्राण्याला ती येतात त्याला पकडायचं, थोडा वेळ बरोबर घेऊन लढायचं, हंटरला कौशल्य समजलं की त्या प्राण्याला सोडून आपला जुना प्राणी तबेल्यातून काढायचा आणि त्याला शिकवायचं. बाइट आणि क्लॉच्या रँक अशाच मिळतात, पैसे शून्य. ग्राउल मात्र पेट ट्रेनरकडून वेळेवर घ्या. प्राण्याने शत्रूचं लक्ष धरून ठेवलं नाही तर हंटर हा चामडं घातलेला मेजच.

वॉरलॉकचं खातं दोन ठिकाणी गळतं. एक क्लास ट्रेनर, दुसरा डीमन ट्रेनर, जो राक्षसांसाठी ग्रिमॉयर म्हणजे पोथ्या विकतो. एकटे लेव्हल करताना बहुतेक व्हॉइडवॉकर हाच राक्षस बाहेर असतो. मग त्याचा टॉर्मेंट घ्या, सॅक्रिफाइस सोयीने घ्या, आणि इम्प, सक्युबसच्या पोथ्या दुकानातच राहू द्या. ४०ला वॉरलॉक आणि पॅलाडिन यांना घोडा जवळजवळ फुकट मिळतो हे मात्र विसरू नका. त्यांनी मेजइतकी काटकसर करायची गरजच नाही. पॅलाडिन होऊन तीस गोल्ड दाबून बसलेले आणि जुन्या रँकने कासवाच्या गतीने लढणारे लोक मी पाहिलेत. हे कशासाठी, त्यांनाही सांगता येत नाही.

रोग या चोरट्या क्लासने तलवार धरली असेल तर बॅकस्टॅब आणि अँबुश बंद, दोन्हींना खंजीर लागतो. ड्रुइडला २०ला मांजराचं रूप मिळालं की रॅथ आणि स्टारफायरच्या रँक थांबवायच्या. शिवाय त्याला १०पासून मूनग्लेडला टेलिपोर्ट आहे आणि तिथेच ड्रुइड ट्रेनर आहे, म्हणजे फेरीचा खर्च नाही. वॉरियरने ट्रेनरकडे फार वाचवायला जाऊ नये. त्याचं सगळं शस्त्रावर चालतं, तेव्हा वाचवायचं ते ऑक्शन हाउसमध्ये. तिशीत क्वेस्टमधून मिळणारं व्हर्लविंडचं शस्त्र बराच काळ पुरतं आणि त्याला पैसे लागत नाहीत, फक्त मदतीला माणसं लागतात.

शस्त्र कौशल्याचंही थोडं. वेपन मास्टर प्रत्येक शस्त्राचे १० सिल्व्हर घेतो, पोलआर्मचा एक गोल्ड आणि तोही २०नंतर. सगळी शस्त्रं "असू द्यावीत" म्हणून शिकण्यात अर्थ नाही, कारण नवं शस्त्र शून्यापासून घासून वर आणावं लागतं. मेजला सुरुवातीची काठी आणि वँड पुरे. चांगली तलवार मिळाली तर तेव्हा स्टॉर्मविंडमध्ये वेपन मास्टर वू पिंगकडे जा.

टॅलेंट बदलण्याचा खर्च ट्रेनरच वसूल करतो, आणि तो गुपचूप वाढतो. पहिल्यांदा १ गोल्ड, मग ५, मग १०, पुढे पाच-पाचने चढत ५०पर्यंत. ४०च्या आत एकदा बदललात तर हरकत नाही. दर आठवड्याला नवी गाइड पाहून बदललात तर घोडा विसरा.

आता सवलत. ज्या गटाचा ट्रेनर आहे त्या गटात तुमची प्रतिष्ठा ऑनर्ड या पातळीला गेली की १० टक्के कमी लागतात. ट्रेनर, विक्रेते, घोडा, सगळीकडे. इथे गट म्हणजे शहर. तुम्ही एल्विन, वेस्टफॉल, रेडरिज, डस्कवूड असे स्टॉर्मविंडचेच प्रदेश करत आलात, शिवाय ह्यूमनला प्रतिष्ठा १० टक्के जास्त मिळते, तेव्हा तिथे ऑनर्ड लवकर व्हाल. मग आयर्नफोर्जमध्ये बँकेजवळ सोय पडते म्हणून तिथल्या मेज ट्रेनरकडे पैसे देऊ नका, स्टॉर्मविंडला या. ऑनर्डच्या उंबरठ्यावर असाल तर मोठी खरेदी दोन क्वेस्ट पुढे ढकला. घोडा एल्विनच्या ईस्टव्हेल लॉगिंग कँपमध्ये मिळतो, तोही स्टॉर्मविंडच्याच खात्यात. तिथे १० टक्के म्हणजे सुमारे दहा गोल्ड. म्हणजे ज्या दहा-बारा गोल्डसाठी आपण इतकी यादी तपासली, जवळपास तेवढेच एका प्रतिष्ठेच्या पट्टीत आहेत. पीव्हीपीत (खेळाडूंशी लढून) तिसरी रँक, म्हणजे हुद्दा, मिळाली तर आणखी सवलत आहे, पण फक्त त्यासाठी पीव्हीपी करणं लेव्हल करणाऱ्याला परवडत नाही.

हे सगळं डोक्यात ठेवायची कटकट नको असेल तर "व्हॉट्स ट्रेनिंग" नावाचं अ‍ॅडऑन घ्या. मंत्रांच्या पुस्तकातच कुठल्या लेव्हलला काय येणार आणि किती लागणार हे दिसतं, आणि नको ते दुर्लक्षित म्हणून खूण करता येतं. ट्रेनरपुढे उभं राहून ठरवलं की माणूस जास्त घेतो. घरून यादी करून निघावं.

एक सूचना, कारण प्रश्नात टेलरिंगचा उल्लेख आहे. उद्योगांचे ट्रेनरही ट्रेनरच आहेत. मेज कापडाचे कपडे घालतो म्हणून टेलरिंग घ्यावंसं वाटतं, पण प्रत्येक नमुन्याचे पैसे, वर कापड आपलंच जळतं, आणि शिवलेला कपडा दोन लेव्हलनंतर क्वेस्टमध्ये मिळणाऱ्या झग्यापुढे फिका पडतो. घोडा होईपर्यंत कातडं काढणं आणि वनस्पती किंवा खाण असे गोळा करणारे दोन उद्योग ठेवा. त्यांचं प्रशिक्षण स्वस्त असतं आणि माल थेट ऑक्शन हाउसला जातो. तिथे विक्रीवर ५ टक्के कापले जातात. बूटी बे किंवा गॅजेटझनच्या तटस्थ ऑक्शन हाउसमध्ये १५, तिकडे माल टाकू नका. लिनन आणि वूल कापड टेलर लोक नेहमी उचलतात. तुम्ही त्यातलं थोडं फर्स्ट एडसाठी ठेवा. मलमपट्टी स्वतःची झाली की खायला कमी थांबावं लागतं.

४०ला पोचल्यावरचा क्रम विचारलात म्हणून सांगतो, कारण तिथे गल्ला आणि यादी दोन्ही एकदम समोर येतात. ४०ला मेजला पाणी, आइस आर्मर, नोव्हा, पॉलीमॉर्फ, मिसाइल्स, फ्लेमस्ट्राइक, स्कॉर्च, फायर वॉर्ड आणि पोर्टल असं ताट वाढून येतं, एकेक दीड-दोन गोल्डच्या घरात. ३८ची फ्रॉस्टबोल्ट आधीच घेतलेली असेल. ४०ला पाणी घ्या, स्टॉर्मविंडचं पोर्टल घ्या, आणि घोड्याकडे जा. आइस आर्मर घोड्यानंतर, नोव्हा त्यानंतर. पोर्टल घोड्याच्या आधी का, तर त्यात लोकांना पाठवून पैसे मिळतात. रून २० सिल्व्हरचा, आणि गजबजलेल्या वेळी माणसं त्याच्या कितीतरी पट देतात. पाच-सहा गिऱ्हाइकांत पोर्टलचा खर्च फिटतो. घोड्याला सात-आठ गोल्ड कमी पडत असतील तर ते पोर्टलवरच काढा. एकट्याने मंत्र विकून इतकं सहज कमावता येणं ही मेजची खासियत आहे (वॉरलॉकच्या समनिंगला तीन माणसं लागतात, ते वेगळं).

तर आज स्टॉर्मविंडला जाऊन काउंटरस्पेल. २२ची यादी राहिली असेल तर तिथून खाण्याची तिसरी रँक आणि फायर ब्लास्टची तिसरी. फायर ब्लास्ट आगीचा असला तरी तो लगेच लागतो, पळून जाणाऱ्या अर्धमेल्या शत्रूला संपवायला फ्रॉस्ट मेजलाही हवा. आर्केन एक्स्प्लोजन कळप मारत नसाल तर नको. म्हणजे ४० सिल्व्हर आणि दोनदा ३०, एक गोल्ड संपला. पन्नास सिल्व्हर उरतात. डस्कवूडचे रेव्हनहिलच्या बाजूचे सांगाडे मारत दोन लेव्हल काढल्या की २६च्या तिघांसाठी दीड गोल्ड नक्की जमतात. नाही जमले तर नोव्हा मागे ठेवा.